मापणाऱ्याचे माप

चारठाण्यास येणारा पाहुणा तेथील हेमाडपंती देवळे व बारव पाहून तृप्त होतो. मला मात्र ते गाव प्रथम आठवते ते रेडिओच्या खरखरीमुळे. आजोबा सायंकाळी बातम्या लावीत, आणि नेमकी त्याच वेळी शेजारची पिठाची गिरणी सुरू होई. तिच्या विजेच्या सैल जोडांत ठिणग्या उडत. ठिणगीपासून विद्युतचुंबकीय लहरी उठतात व त्या निवेदकाचा शब्द गिळून टाकितात, हे आम्हांस पुढे शाळेत कळले. आजोबा बिचाऱ्या रेडिओसच दोष देत.

बातमी बुडाली तर फारसे बिघडत नाही. परंतु मागे एका दवाखान्यात रोग्याच्या हृदयाचा आलेख काढिताना रेषा थरथरू लागलेली मी पाहिली. डॉक्टरांनी शेजारचा इन्व्हर्टर बंद करविला, तेव्हा ती स्थिर झाली. थरथर हृदयाची की विजेची, हे ओळखणारा जाणता मनुष्य जवळ होता म्हणून बरे!

एका यंत्राने दुसऱ्यास किती उपद्रव द्यावा, याच्या मर्यादा घालण्यासाठी १९३४ साली सिस्पर नावाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये मोटारगाड्यांची अशी परीक्षा होते. या परीक्षेच्या खोलीच्या भिंतींवर लहरी शोषून घेणारे सुळके बसविलेले असतात. मध्ये उपकरण ठेवितात, आणि समोरची अँटेना त्यातून निघणाऱ्या लहरी टिपते.

पण परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यावी? अँटेनाची काडी वाकते, केबलीचे जोड झिजतात. मापकयंत्र सहा डेसिबलने कमी दाखवू लागले, तर लहरींच्या क्षेत्राची तीव्रता निम्मीच भासते. आणि नापास व्हावयाचे उपकरण पास होऊन थेट रोग्याच्या उशाशी जाऊन बसते. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध आहे. येथे तर कोणाच्या लबाडीवाचूनच तराजू खोटा होतो!

यास्तव ही यंत्रे ठराविक मुदतीने, बहुधा वर्षातून एकदा, अंशशोधनास पाठवितात. तेथे ती अधिक अचूक यंत्राशी ताडून पाहतात, ते यंत्र त्याहूनही अचूकाशी. आणि अशी ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत, किंवा परदेशातील तशाच एखाद्या संस्थेपर्यंत, जाऊन भिडते. दिल्लीच्या त्या प्रयोगशाळेची कोनशिला पंडित नेहरूंनी ४ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, बसविली. बाजारातील वजनांवर निरीक्षक शिक्का मारितो, त्याच जातीचे हे काम. फक्त येथे तोलावयाची वस्तू डोळ्यांस दिसत नाही.

मला विशेष कौतुक वाटते ते अंशशोधनाच्या दाखल्याचे. यंत्र बरोबर आहे, एवढे म्हणून तो थांबत नाही. अमुक ठिकाणी इतके कमी, तमुक ठिकाणी इतके अधिक, आणि हे सांगण्यात आमचीही चूक इतकी असू शकेल, असे तो आकड्यांत लिहून देतो. आम्हां शिक्षकांच्या प्रगतिपुस्तकात असा रकाना अद्याप नाही!

यंत्रावर एक लहानशी चिठ्ठी डकविलेली असते. पुढील अंशशोधनाची तारीख तिजवर असते. ती उलटली की यंत्र उत्तम चालत असले तरी परीक्षेच्या कामातून काढून बाजूस ठेवितात.