तीस ग्रेन

मंडळी, शीर्षक वाचून दाणेबिणे समजू नका. ग्रेन हे माप आहे. बंदुकीच्या दारूचं. हो, दारूच, पण ओतायची, प्यायची नव्हे!

2023 च्या हिवाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे पेनसिल्व्हेनियात होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. नेमबाजीच्या क्लबात नवशिक्या मुलांना फुकट शिकवतात, आणि तेही ठासणीच्या बंदुकीवर. तिथे नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा खास हंगाम असतो चकमकीच्या बंदुकीचा, त्यामुळे या जुन्या प्रकाराचं तिथे कौतुक फार. आमच्या तेरा वर्षांच्या नातीला शिकायचं होतं. लेकीचा जीव वर-खाली. "बाबा, तुम्ही जाऊन बघा, मग मी हो म्हणते," एवढं बोलून तिने सगळं माझ्यावर ढकललं.

आता मला काय कळतं त्यातलं? कळतं, थोडंसं. आमच्या कोकणातल्या घरी थोरल्या काकांकडे होती ठासणीची, शेतीच्या राखणीसाठी परवान्याची. डुकरं, वानरं. दारू किती घातली हे काका गजावरून ठरवत, म्हणजे ठासल्यावर गज नळीबाहेर किती बोटं उरतो त्यावरून. बोटं काकांची, आणि काका आडदांड! मी बारा वर्षांचा असताना त्यांनी हौसेने माझ्या हाती दिली. बार निघाला आणि मी मागे शेणाच्या गायरीत. खांदा आठ दिवस काळानिळा. पुढे कॉलेजात एनसीसी टाळलं, विचारणाऱ्याला सांगायचो की मी अहिंसावादी आहे. असो.

शेजाऱ्यांना क्लबासाठी आणखी एक बंदूक घ्यायची होती, आणि पैसे बेताचे. मी सोबत गेलो. हात मात्र लावला नाही, व्हिसावरच्या पाहुण्याने लावू नये हे बरं.

स्वस्तात हल्ली इनलाइन मिळते. तिच्यात ठिणगी सरळ मागून दारूला भिडते, साफ करायलाही सोपी. पण तिच्या नळीतले आटे बहुधा 28 इंचांत एक वेढा असे घट्ट असतात, लांबट गोळीसाठी. साधी शिशाची गोल गोळी तिला तितकी मानवत नाही, आणि मुलांना शंभर बार काढायचे तर स्वस्त पडते ती गोल गोळीच. चकमकीची देखणी, पण चाप ओढल्यावर डोळ्यांपुढे भडका उडतो आणि नवखा डोळे मिटतो. म्हणून त्यांचं ठरलेलं होतं, बाजूला घोडा असलेली टोपीची बंदूक, .50 कॅलिबर, 48 इंचांत एक वेढा. तशी एक जुनी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये विकायला होती.

विकणारा म्हणाला, रिकामी आहे. यांनी नळीत गज घातला, तोंडाशी बोटाने खूण धरली, गज बाहेर काढून नळीला समांतर लावला. टोक टोपीच्या जागेपर्यंत पोचायला हवं होतं, ते दोन-अडीच इंच अलीकडेच थांबलं. म्हणजे आत गोळी होती, तिच्यामागे दारू होती, आणि बंदूक कितीतरी वर्षं भिंतीला टेकून उभी. गॅरेजमध्ये दोन सायकली होत्या, लहान मुलांच्या. कोणी काही बोललं नाही. मला घाम फुटला, बाहेर बर्फ असताना. आमच्याकडची पडवीत खुंटीवर टांगलेली असे आणि आम्ही पोरं तिच्याखाली पत्ते खेळत असू. ती रिकामी असे का, हे मी काकांना कधी विचारलं नाही.

मागच्या भोकातून पाणी घालून दारू भिजवली, स्क्रूच्या टोकाच्या गजाने गोळी ओढून काढली, मग नळी आतून उजेडात तपासली. गंज नव्हता. घेतली.

शिकारीला लोक 80-90 ग्रेन भरतात. हे मुलांना 30 वर सुरुवात करून देतात. म्हणजे साधारण दोन ग्रॅम. दारू काळीच, आधुनिक बिनधुराची चुकूनही नाही, नळी फुटते. डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, मापाने ओतायची, कारण आत ठिणगी उरलेली असू शकते. मग तेलकट चिंधीत गोळी, आणि ती दारूला टेकेपर्यंत ठासायची, मध्ये पोकळी राहता कामा नये. गजावर तेवढ्यासाठी खूण केलेली. बार नाही उडाला तर नळी निशाणाकडेच धरून पूर्ण मिनिटभर थांबायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर नातीला मी गायरीची गोष्ट सांगितली. खरी, अहिंसा वगळून. ती हसून लोळली. मग म्हणाली, "आजोबा, मग तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते," म्हटलं.

लेकीला गजाची हकीकतही सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग विचारलं, "ते शेजारी प्रत्येक वेळी असं तपासतात?" प्रत्येक वेळी, म्हटलं. तेव्हा हो म्हणाली.

पुढच्या रविवारी पंचवीस यार्डांवर नातीने पाच बार काढले. तिसऱ्या बाराला डोळे मिटले नाहीत, मी बघत होतो. संध्याकाळी कढत पाण्याने नळी धुतली, सडक्या अंड्यासारखा वास घरभर, आणि लेक ओरडली, "चहाचं आधण कुठे गेलं माझं?"