आत्या, तुझं मत कुठं गेलं?

ती. स्व. आत्यास,


'जुनं ते सोनं' हे तुझ्या तोंडी शोभत नाही. हल्ली फोनवर तुला विचारावं, अमका सिनेमा बघितलास का, तर तू म्हणतेस, 'आताच्यात काय राहिलं नाही बघ,' आणि थेट गुडघेदुखीवर येतेस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी मान डोलावून सोडून दिलं असतं. पण पिक्चर सुटला की गर्दीतून बाहेर पडायच्या आतच मला 'काय कळलं?' म्हणून विचारणारी तू. तू असं एका दमात सगळं मोडीत काढावंस?

'पिंजरा' आठवतो? शांतारामबापूंचा, 1972 चा. मॅटिनीला पुन्हा लागला होता आणि आपण सगळे गेलो होतो. गाणी जगदीश खेबुडकरांची, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या माणसाची, आणि चाली राम कदमांच्या. बाबा त्या सिनेमाबद्दल वावगं अक्षर ऐकून घेत नसत. आणि तू जेवताना त्यांच्या तोंडावर म्हणालीस, 'मास्तर स्वतःच्याच खुनापायी फासावर जातो, ते कुणासाठी रे दादा? गावाच्या मनातला गुरुजी तेवढा निर्मळ राहावा म्हणून. गावाला देव पाहिजे, माणूस नको. आणि पाप सगळं फडावरच्या बाईच्या पदरात!' बाबा म्हणाले, तुला कळत नाही. तू म्हणालीस, 'मग समजावून सांग की.' आई ताटं उचलून गेली, हात वाळले, तरी तुमचं चाललेलंच. शेवटी तू श्रीराम लागूंचं काम मान्य केलंस, बाबांनी काहीच मान्य केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते मला म्हणाले, 'तुझी आत्या म्हणते त्यात तथ्य आहे. तिला सांगू नको.' आज सांगते.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ज्यावर जीव आहे त्याच्यातली खोटही बोलून दाखवता येते. त्यानं प्रेम उणं होत नाही.

'सामना'च्या वेळी मात्र तू गप्प होतीस. निळूभाऊंचा हिंदुराव आणि लागूंचा मास्तर समोरासमोर येतात आणि मास्तर मारुती कांबळेबद्दल तोच तोच प्रश्न विचारत राहतो. घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस. मग म्हणालीस, 'यात नायक कोण आणि खलनायक कोण, हे सांगून मोकळं होता येत नाही. म्हणून हा मोठा.' तेंडुलकरांच्या लेखणीबद्दल आणि जब्बार पटेलांबद्दल मी पुढे कितीतरी वाचलं, पण माझ्यासाठी 'सामना'चं पहिलं परीक्षण तुझंच.

आणि 1991 साली 'माहेरची साडी'? अख्खं थिएटर हुंदके देत होतं. अलका कुबलच्या लक्ष्मीसाठी आपल्या पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडात धरून रडत होत्या. तूही रडलीस. बाहेर आल्यावर मी चिडवलं तर म्हणालीस, 'रडलो की गं! न रडायला मी काय दगड हाय? पण रडू आलं म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. कांदा चिरतानाही येतंच की.' ही तुझी कसोटी मी आजही वापरते.

आता तूच सांग, ज्या काळाला तू सोनं म्हणतेस त्याबद्दल तेव्हा तू काय बोलायचीस? 1959 चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला अडीच वर्षं चालला. मग त्याच्या मागोमाग तमाशापटांची रांग लागली. तोच पाटील, तोच फेटा, तीच बैठकीतली लावणी. 'एका साच्यातनं काढल्यात सगळ्या' हे तुझेच शब्द. 'धूमधडाका' आणि 'अशी ही बनवाबनवी' आले, ते तुला आवडलेही. अशोक सराफ आणि लक्ष्या पडद्यावर आले की तू खुर्चीत सावरून बसायचीस. पण त्यांच्या यशावर जे ढीगभर विनोदी सिनेमे निघाले त्यांतून तू अर्ध्यावर उठून आलीस. माहेरच्या साडीनंतर सासुरवासाचा पूर आला तेव्हा तर तू तिकिटाचे पैसे परत मागायला निघाली होतीस.

म्हणजे वाईट तेव्हाही भरपूर होतं, आत्या. आपण ते विसरलो, एवढंच. दहातले नऊ काळानं गाळून टाकले आणि उरलेल्या एकाला आपण सगळा काळ म्हणू लागलो. आजच्या दहांतले नऊ मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत, म्हणून आजचा काळ वाईट दिसतो. ही तुलना तुझ्यासारखीनं करावी?

तुझ्यावर राग आहे तो याचा. 'श्वास'ला 2004 साली राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी. तू तो पाहिलास, आवडला, पण का आवडला हे सांगितलं नाहीस. 'कोर्ट'ची मी सीडी पाठवली, ती तशीच पडून. 'सैराट'ची गाणी तुझ्या गल्लीत मिरवणुकीला वाजत होती, तू खिडकी लावून घेतलीस म्हणे. त्या गाण्यांसाठी अजय-अतुलनी हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला. राम कदमांच्या ढोलकीवर वाढलेल्या तुला याबद्दल काहीच म्हणायचं नाही? चांगलं नाही, वाईटही नाही?

आणि 'नटरंग'. यावर तर तुला गप्प बसायचा अधिकारच नाही. कादंबरी आनंद यादवांची, कागलच्या मातीतली, तुझ्या घरापासून एसटीनं अर्ध्या तासाच्या वाटेवरची. कुस्तीचं वेड असलेला, पिळदार अंगाचा गुणा तमाशापायी नाच्या होतो. मिशी जाते, शरीर जातं, घर तुटतं, गावाची थट्टा आणि त्याहून भयंकर बरंच काही वाट्याला येतं, पण तो फड सोडत नाही. 'पिंजरा'त तमाशा म्हणजे सज्जन माणूस ज्यात घसरून पडतो तो खड्डा होता. इथं तमाशा हेच त्या माणसाचं देवकार्य आहे, आणि दोष जातो तो त्याला हसणाऱ्या गावाकडे. तू जेवणाच्या पाटावर बाबांना जो प्रश्न घातला होतास, त्याचं उत्तर 2010 साली पडद्यावर आलं. आणि तू ते अजून बघितलेलं नाहीस!

मला कळतं गं. बाबा गेल्यापासून तू थिएटरात पाऊल टाकलं नाहीस. गुडघे हे निमित्त आहे. ज्याच्याशी भांडायचं तोच नाही, तर मत कशाला बनवायचं, असंच ना? जुने सिनेमे तू पुन्हा पुन्हा लावतेस ते सिनेमासाठी नाही, हेही मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी तुला कधी बोलणार नाही.

पण माझ्याकडे जी नजर आहे ती तुम्हा दोघांच्या भांडणातून आली. कॉलेजात फिल्म सोसायटीत मी तोंड उघडायचे ते तुझ्या जोरावर. आज माझी मुलगी 'फँड्री'च्या शेवटच्या दगडावरून माझ्याशी तावातावानं वाद घालते, तेव्हा तिच्या आवाजात मला तू ऐकू येतेस. हे ऋण आहे, आणि मी ते मानते.

म्हणून एकच मागणं आहे. दिवाळीला आम्ही येतोय. 'नटरंग' आपण तिघी बसून बघू. आवडला नाही तर सरळ तसं सांग, पण का ते सांग. मी बाबांच्या बाजूनं भांडेन.

तुझी भाची