ऊन आणि उजेड

मराठीतला 'ऊन' हा शब्द दोन ओझी एकाच खांद्यावर वाहतो. अंगणात ऊन पडते तेव्हा तो उजेड असतो. पानात ऊन ऊन भात पडतो तेव्हा ती उष्णता असते. संस्कृत 'उष्ण' झिजत झिजत 'ऊन' झाला, हे आपण वर्गात फळ्यावर लिहून मोकळे होतो. मात्र या एका शब्दामागे केवढा जुना अनुभव उभा आहे, याचा विचार फारसा होत नाही. जिथे तेज तिथे ताप, ही आपल्या भाषेची समजूत आहे, आणि चूल, समई, पलिता, कंदील या साऱ्यांनी ती शतकानुशतके खरी करून दाखवली. तारेच्या पिवळ्या बल्बनेही ती मोडली नाही. त्यात खर्ची पडलेल्या विजेपैकी शेकडा पाचच्या आसपास भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश होई; उरलेली बहुतेक वीज ऊब होऊन त्याच उजेडाबरोबर, त्याच दिशेने बाहेर पडे.

एलईडीने ही जोडी फोडली. तिच्यातून पुढे जातो तो जवळपास निव्वळ उजेड. ताप मागे राहतो, नखाएवढ्या स्फटिकाच्या पाठीशी. तो आपण हाताने दूर नेला नाही तर जागचा हलत नाही. एरवी कवितेतल्या प्रकाशाची उठाठेव करणाऱ्या आम्हा उभयतांना ही गोष्ट कळण्याचे कारण एक तुळस आहे.

आमच्या इमारतीच्या पूर्वेला दोन मजली वाडा होता. तो पडला आणि त्या जागी अकरा मजले उभे राहिले. पुण्याच्या जुन्या पेठांत यात नवल काही नाही. वीस वर्षे निर्वेध उपभोगलेल्या उजेडावर घराचा हक्क मानणारा एक कायदा आपल्याकडे १८८२ पासून आहे. पण आमच्या गल्लीत उजेडासाठी कोर्टाची पायरी कोणी चढले नाही. आम्हीही नाही. सकाळचे तीन-साडेतीन तासांचे ऊन गेले, आणि गॅलरीतली तुळस हळूहळू लांबट, काटकुळी होऊ लागली. दोन पेरांमधले अंतर वाढले, पाने फिकी आणि लहान झाली. घरातल्या आई (आमच्यापैकी एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई) चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांना आता जिने उतरवत नाहीत. दृष्टीही अधू आहे. तुळस त्यांना दिसते त्याहून अधिक बोटांना आणि नाकाला कळते. "हिला वास राहिला नाही," असे त्या एके दिवशी म्हणाल्या. कुंडी गच्चीवर नेण्याचा प्रस्ताव त्यांनी एका शब्दात निकालात काढला: "मग मी कुठे जाऊ?"

तेव्हा ऊन घरीच करावे असे ठरले. तयार दिवे मिळतात. पण गॅलरीच्या त्या कोपऱ्यात नीट बसेल आणि बिघडल्यास दुरुस्त करता येईल असा दिवा आम्हांला हवा होता. म्हणून वाचन सुरू झाले.

पहिला धडा नम्रतेचा होता. दिव्यांच्या खोक्यांवर लिहिलेले 'लुमेन' हे माप माणसाच्या डोळ्याचे आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वांत अधिक मान देतो; पानाची पसंती वेगळी. कीथ मॅक्री यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पिकांच्या पानांवर निरनिराळ्या रंगांचा उजेड टाकून प्रकाशसंश्लेषण मोजले. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा वनस्पतीच्या कामाचा, हे आज सर्वत्र वापरले जाणारे गणित त्या मोजणीवर उभे आहे. त्यात तांबड्याचे पारडे सर्वांत जड असले, तरी हिरवाही वाया जात नाही. म्हणूनच जांभळट, डोळ्यांना असह्य होणाऱ्या दिव्याची गरज नव्हती. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी, वर पिवळसर लेप दिलेली. ज्या निळ्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले ती. आम्ही बारा पांढऱ्या आणि चार गडद तांबड्या एलईडी घेण्याचे ठरवले. त्या उजेडात आईंच्या हातावरच्या शिराही दिसाव्यात आणि तुळशीचेही भागावे, असा हिशेब.

दुसरा धडा 'ड्रायव्हर'चा. या शब्दाचे 'चालक' हे भाषांतर आम्हांला पटत नाही. हे यंत्र चालवण्याहून आवरण्याचे काम अधिक करते. लगाम हाती धरणारा म्हणून 'सारथी' हा शब्द त्याला शोभला असता. साध्या बल्बला ठरलेला विद्युत्‌दाब दिला की तो आपल्यापुरता प्रवाह घेऊन स्वस्थ बसतो. एलईडीला असा पोच नाही. दाब व्होल्टाच्या दोन-तीन दशांशांनी वाढला तरी प्रवाह दुपटीच्या घरात जातो. शिवाय ती तापली की तिला लागणारा दाब कमी होतो. म्हणजे दाब तोच ठेवला तर प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की ती आणखी तापते, आणि हे चक्र तिला जाळूनच थांबते. म्हणून ड्रायव्हर असा हवा की जो दाब नव्हे, प्रवाह बांधून ठेवील. एलईडी एकीमागे एक अशा एकाच माळेत ओवायच्या, म्हणजे प्रत्येकीतून तोच प्रवाह जातो. माळेला लागणाऱ्या दाबाची बेरीज करायची, आणि ती बेरीज ड्रायव्हरवर लिहिलेल्या पल्ल्याच्या मध्यावर कुठेतरी येते का ते पाहायचे. पांढरीला सुमारे ३ व्होल्ट, तांबडीला २ हून थोडे अधिक. आमच्या सोळांची बेरीज ४४ च्या आसपास आली. तेव्हा ३० ते ५४ व्होल्टांचा पल्ला असलेला ड्रायव्हर चालणार होता. प्रश्न उरला तो प्रवाह किती, एवढाच.

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी आमची उमर गेली. तिथून जवळच्या तपकीर गल्लीत मात्र आम्ही क्वचितच शिरलो होतो. तिथल्या दुकानदाराचा सल्ला व्यवहारी होता. "काका, सोळा कशाला? आठच घ्या, ७०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर लावा, मागे छोटा फॅन बसवा. तेवढाच वॅट, निम्मा खर्च." वॅटचा हिशेब त्याचा बरोबर होता. पण एलईडीचा स्वभाव असा की प्रवाह दुप्पट केला तरी उजेड दुपटीला पोहोचत नाही; मधली तूट उष्णता होऊन बसते. उलट सोळा एलईडी ३५० मिलिअँपिअरवर निम्म्या दमाने चालवल्या, तर तेवढ्याच साडेपंधरा वॅटांत उजेड अधिक मिळतो आणि ताप कमी होतो. ड्रायव्हर कोणता आणि थंडावा कसा, हे आम्ही कागदावर दोन निरनिराळे प्रश्न म्हणून लिहिले होते. ते एकच निघाले. जितका बेताने हाकाल, तितके थंड करण्याचे काम कमी.

पंख्याला आम्ही नकार दिला. पंखा हलतो, म्हणून झिजतो. गॅलरीतली धूळ खातो. आणि ज्या दिवशी तो मुकाट बंद पडेल त्या दिवशी दिवा पेटताच राहील, हे भय वेगळे. हीटसिंक म्हणजे पात्यापात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. त्याला हलण्याची गरज नाही. पात्यांमधली तापलेली हवा वर जाते, खालून गार हवा येते. वाट मोकळी ठेवणे एवढेच आपले काम. साडेपंधरापैकी साडेआठ वॅट उष्णता होतात असे धरले, आणि दर वॅटमागे अडीच अंश चढणारा हीटसिंक घेतला, तर तो खोलीहून सुमारे २१ अंशांनी गरम राहणार. एप्रिलात खोली ३६ वर गेली तरी ५७. एलईडीला हे सहज सोसते. एलईडीची पट्टी आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावायची ती अगदी पातळ. तिचे काम बारीक खाचखळग्यांतली हवा हुसकण्याचे आहे. जाड थर दिला तर तोच अडसर होतो.

तापलेली एलईडी एकदम दगा देत नाही, हे आम्हांला विशेष वाटले. तिचा उजेड महिन्यामहिन्याने उतरत जातो. मूळच्या ७० टक्क्यांवर आला की तिचे उपयुक्त आयुष्य संपले असे सहसा धरतात. तोवर तिच्याखाली बसणाऱ्याला काही कळलेले नसते, कारण डोळा सवयीचा गुलाम आहे. कळते ते झाडाला.

या साऱ्या निवडींत एका ठिकाणी मात्र तडजोड नव्हती. बाजारातल्या काही स्वस्त ड्रायव्हरांत घरातली २३० व्होल्टांची वीज आणि एलईडीकडे जाणारी तार यांच्यात विलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. दिव्याच्या उघड्या जोडाला हात लागला तर तो थेट घरच्या विजेला लागल्यासारखाच. आमच्या दिव्याखाली रोज सकाळी ओल्या हाताने, पितळी तांब्या घेऊन, नीट दिसत नसलेली एक वृद्ध स्त्री उभी राहणार होती. म्हणून ड्रायव्हर 'आयसोलेटेड', पाणी न शिरणाऱ्या बंद पेटीतला, आणि हीटसिंकला तिसऱ्या पिनेचे अर्थिंग. किंमत जास्त पडली. त्यावर आमची चर्चा झाली नाही. तो ड्रायव्हर दिव्यापासून दूर, भिंतीवर उंच बसवला. त्याच्या पोटातले कपॅसिटर दर दहा अंशांच्या वाढीला निम्मे आयुष्य गमावतात असा ठोकताळा आहे. सारथ्याला घोड्यांच्या घामात बसवू नये.

दिवा तुळशीच्या दोन विती वर टांगला आणि रोज बारा तास चालवला. वीज महिन्याला साडेसहा युनिटांच्या आसपास लागते. एकेकाळी वाड्याच्या कौलांवरून जे फुकट येत असे त्याचा थोडासा अंश असा मोजून विकत घ्यावा लागतो, हे बिल भरताना आठवतेच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात शेंड्यांवर दाट, गडद पाने आली. पूर्वी तुळस पूर्वेकडे झुके आणि कुंडी अधूनमधून फिरवावी लागे. आता ती सरळ वर वाढते. तिला पूर्व दिशा उरलेली नाही, याचे आम्हांला थोडे वाईटही वाटते.

डिसेंबरातल्या थंडीत आईंना एक शोध लागला. पाणी घालून झाल्यावर त्या हात वर करून हीटसिंकच्या पात्यांवर टेकवतात. तो तेव्हा चाळिशीच्या आसपास असतो, शेकायला पुरेल इतकाच. झाडाला लागणारा भाग खाली जातो, त्यांना लागणारा वर. शास्त्राने ज्याची वाटणी केली त्याचे दोन्ही वाटे त्या एका कोपऱ्यात उभ्या राहून वसूल करतात. या वस्तूला काय म्हणावे याबद्दल आम्ही मात्र अजून अडखळतो. 'दिवा' म्हणावे तर याच्यापुढे हात जोडले जात नाहीत. 'लाइट' म्हणावे तर काहीच सांगितल्यासारखे होत नाही. आईंना अशी अडचण नाही. सकाळी सातला त्या "ऊन लाव" म्हणतात, आणि संध्याकाळी सात वाजले की आतून हाक येते, "आता ऊन मालव."