पाठीवर बॅग घेऊन निघालेल्या दादांना

दादा,

सिग्नल तोडणारा, राँग साइडने घुसणारा, हँडलवरच्या मोबाइलकडे बघत गाडी पळवणारा, अशीच तुमची ओळख शहराने करून ठेवली आहे. राँग साइडने येणाऱ्या गाडीची बाजू मी घेणार नाही; ती पायी चालणाऱ्यालाही आडवं करते. पण पैसे ऑर्डरमागे, इन्सेन्टिव्ह ऑर्डरींच्या संख्येवर, आणि लॉग-आउट केलं की कमाई बंद, हे गणित तुम्ही मांडलेलं नाही. तुमची घाई त्या मोबदल्यातच बसवलेली आहे.

अमेरिकेत डॉमिनोजने अर्ध्या तासात पिझ्झा पोचवण्याची हमी १९९३मध्ये मागे घेतली, तीही सेंट लुईसमधल्या एका अपघाताच्या खटल्यात ज्यूरीने कोट्यवधी डॉलरची भरपाई ठोठावल्यावर. दक्षिण कोरियात पिझ्झा पोचवणारी पोरं रस्त्यावर मेली, तेव्हा २०११मध्ये ती हमी बंद झाली. हे सगळं होऊन गेल्यावर आपल्याकडे दहा मिनिटांत घरपोच सामानाच्या जाहिराती लागल्या!

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्यांत पार्सल पोचवायला निघालेले किती, यासाठी सरकारी अहवालात रकानाच नाही. कारखान्यात बोट तुटलं तर तो कामावरचा अपघात ठरतो. तुम्ही मात्र कागदोपत्री ‘पार्टनर’, म्हणून तुमचं मोडलेलं हाड तुमचं खासगी दुखणं.

आणि ते मोडतं कसं, हे तुम्हाला मी काय सांगावं? पावसात पेव्हर ब्लॉकवर किंवा मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पत्र्यावर चाक सरकतं. सावरायला हात पुढे जातो आणि मनगट जातं. गाडी पायावर आली तर नडगी. रॉड घातल्यावर चार-सहा महिने गाडीला हात लागत नाही, गाडीचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो.

सामाजिक सुरक्षा संहितेने २०२०मध्ये तुमच्यासारखा, अ‍ॅपवरून काम घेणारा ‘प्लॅटफॉर्म कामगार’ मान्य केला. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम तुमच्या सुरक्षेसाठी द्यायची आहे. तो पैसा जखमी माणसापर्यंत पोचेस्तोवर संघटनांनी गप्प बसू नये, आणि आम्ही गिऱ्हाइकांनीही.

तोवर एवढं करा. हेल्मेटचा पट्टा आवळा. नीट घातलेल्या हेल्मेटने जीव जाण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. कंपनीचा विमा ऑर्डर टाकून परततानाही लागू आहे का, ते आजच वाचा. आणि पडलात तर धूळ झटकून पुढच्या ऑर्डरला पळू नका. ११२ला फोन करा, पोलिसांत नोंद करा. मे २०२५पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातानंतर सात दिवस, दीड लाखापर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत विनारोख मिळतात. पण त्यासाठी पोलिसांना कळवावं लागतं.