औषध चालू आहे, अंडी मिळणार नाहीत

कराडच्या बाजूला आमचं गाव आहे. इथे बहुतेक घरांच्या परड्यात एखादं खुराडं असतंच. आमच्या खुराड्यात गावठी कोंबड्या आहेत, थोड्या गिरिराजाही आहेत. घरात खाऊन उरलेली अंडी वस्तीवरच खपतात. कुणाकडे बाळंतीण असते, कुणाचा मुलगा तालमीत जातो, कुणाचे वडील नुकते दुखण्यातून उठलेले असतात. घरचं अंडं म्हणजे निर्धोक, हा लोकांचा विश्वास. तो विश्वास सांभाळायला काय काय करावं लागतं, हे कोंबड्या आजारी पडल्या तेव्हा मला नीट कळलं.

पावसाळा सरत आला होता. आधी एक कोंबडी शिंकायला लागली, मग दुसरी. दोन-तीन दिवसांत एकीचा चेहरा एका बाजूने सुजला, डोळा चिकटला, नाकातून घाण वासाचा चिकट स्राव यायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरात तापाच्या कॅप्सुल पडल्यात, अर्धी पाण्यात टाक." तालुक्याच्या औषध दुकानात एक बाटली मिळाली आणि सोबत सल्लाही: "पाण्यातून द्या, सगळ्यावर चालतं." ती बाटली न उघडता मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी आधी कोंबडीची मान, पंख, विष्ठा बघितली. मानमोडी, म्हणजे राणीखेत, नाही ना याची त्यांना खात्री करायची होती. तो विषाणूचा रोग आहे. त्यावर अँटिबायोटिक दिलं तर पैसे जातात आणि कोंबडीही जाते. आमच्या कोंबड्यांना झालेला आजार जिवाणूंचा होता, कोरायझा. हे ठरल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, यातल्या अंड्यावर किती आहेत? आणि अंडी कोण खातं?"

दुकानातली बाटली एन्रोफ्लॉक्सासिनची निघाली. हे औषध कोंबडीच्या अंगात गेलं की त्यातल्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन माणसांना दिलं जातं. खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते द्यायचं नसतं. डॉक्टरांनी ती बाटली बाजूला ठेवली आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनची पावडर लिहून दिली. त्यासोबत अंडी किती दिवस बंद ठेवायची, तेही त्याच कागदावर लिहिलं.

कोंबडी बरी झाली की अंडंही चांगलं, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात. डॉक्टरांनी कागदावर अंडाशय काढून दाखवलं. त्यात एकाच वेळी लहानमोठे बलक द्राक्षाच्या घडासारखे लागलेले असतात. बलक नीट भरायला साधारण दहा दिवस लागतात. त्या मानाने पांढरा भाग तीनेक तासांत चढतो आणि कवच वीसेक तासांत तयार होतं. म्हणजे आज घातलेल्या अंड्याचा बलक गेल्या आठवड्यापासून भरत आलेला असतो. त्या दिवसांत रक्तात जे औषध होतं, ते थोडंफार त्या बलकात उतरलेलं असतं. कोंबडी चरायला लागते, तुरा लाल होतो, तरी पुढची अंडी आजारपणातल्या दिवसांचीच असतात.

कायदाही हेच धरून चालतो. खाण्याच्या जनावरांना आणि पक्ष्यांना द्यायच्या औषधाच्या वेष्टनावर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असावं लागतं. त्या औषधाचा तसा काळ तपासून ठरलेला नसेल, तर अंडी आणि दुधासाठी निदान 7 दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी निदान 28 दिवस थांबावं, असा 2012 पासून नियम आहे. हे दिवस शेवटच्या डोसनंतर मोजायचे असतात. बलकाचा हिशेब धरून डॉक्टरांनी आम्हाला सातापेक्षा जास्त दिवस थांबायला सांगितलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "उकडून खाल्लं तर?" हाच प्रश्न मी डॉक्टरांना आधी विचारून आले होते. उकडल्याने जंतू मरतात. औषधाचा अंश मात्र उकडून सगळा जाईल, असा भरवसा धरता येत नाही. कुणाला त्या औषधाची ॲलर्जी असेल तर त्रास होऊ शकतो. शिवाय असा थोडा थोडा अंश पोटात जात राहिला तर जंतूंना त्या औषधाची सवय होते, आणि खरी गरज पडेल तेव्हा ते लागू पडत नाही. याच भीतीपोटी 2019 मध्ये सरकारने खाण्याच्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. माणसाला दुसरं काहीच लागू पडत नाही, तेव्हा डॉक्टर ते औषध वापरतात.

आजारी कोंबड्या मी वेगळ्या डालग्यांखाली ठेवल्या आणि त्यांच्या पायात रंगीत दोरा बांधला. औषधाचं पाणी रोज ताजं करायचे आणि प्लॅस्टिकच्या भांड्यात घालून सावलीत ठेवायचे. शिंपल्यांचा चुरा तेवढे दिवस बंद केला, कारण कॅल्शियममुळे हे औषध अंगी लागत नाही. त्यांची अंडी पेन्सिलने खूण करून वेगळ्या टोपलीत ठेवायची आणि संध्याकाळी खड्ड्यात पुरायची. कुत्र्याला घातली नाहीत, कोंबड्यांच्या खाद्यातही परत मिसळली नाहीत.

अंडी पुरताना सासूबाईंचा जीव तुटायचा. अन्न मातीत घालायचं त्यांच्या मनाला पटत नव्हतं, आणि त्यांचं दुःख मला समजत होतं. पण मागच्या आळीतली बाळंतीण त्या दिवसांत आमच्याकडूनच अंडी नेत होती. तिच्या सासूला मी दारातच सांगितलं, "मावशी, कोंबड्यांना औषध चालू आहे, अंडी देणार नाही." त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस, थांबते." मुदत संपल्यावर त्या पुन्हा आमच्याकडेच आल्या.

औषधाची वेळच कमी यावी म्हणून आता खुराड्यात तूस कोरडं ठेवते. हवा खेळावी म्हणून वरच्या बाजूला जाळी बसवली आहे. नवीन पाखरू आणलं की आधी काही दिवस वेगळं ठेवते. मानमोडीच्या लसीची बाटली अनेक पाखरांना पुरते, म्हणून वस्तीवरच्या आम्ही बायका मिळून ती आणतो आणि एकाच दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांना देतो.

तरीही कधी अँटिबायोटिक द्यावं लागलं, तर पाण्यात पावडर टाकण्याआधी डॉक्टरांना इतकं विचारून घ्यावं: रोग कोणता आहे, हे औषध अंड्यावरच्या कोंबडीला चालतं का, आणि शेवटच्या डोसनंतर अंडी किती दिवस बंद ठेवायची. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. विकत घेणाऱ्याला अंडं हातात घेऊन, फोडून किंवा चाखूनही त्यातलं औषध कळत नाही. ते फक्त कोंबडी पाळणाऱ्याला माहीत असतं, म्हणून दिवस मोजण्याची आणि तोंडाने सांगण्याची जबाबदारी त्याचीच आहे.