कुलूप लावलेली घरं

लातूर, १८ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई,

तुझ्या थिसिसचं सिनॉप्सिस मिळालं. तू म्हणाली होतीस, "मामा, फक्त संमतीपत्राचं मराठी बघ, खेड्यातल्या बायकांना कळेल का तेवढं सांग." बघितलं. 'रक्तनमुना संकलनाकरिता स्वेच्छेने अनुमती' असं आपल्याकडं कुणी बोलत नाही. 'बोटाला सुई टोचून दोन थेंब रक्त घेऊ. नको वाटलं तर नाही म्हणा, त्यानं दवाखान्यात तुमचं काही अडणार नाही,' असं लिही. एवढं कळवून थांबणार होतो. पण जन्मभर आरोग्यसेवक म्हणून दारोदार हिंडलेला माणूस, पुढची पानं उलटल्याशिवाय कसा राहील?

विषय चांगला निवडलास. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ग्रामीण बायकांमधला रक्तक्षय. तुझ्या आईला अजून वाटतं की पोरगी एम.डी. करते म्हणजे विष्णुपुरीच्या दवाखान्यात टेबलामागं बसून पेशंट तपासते. पी.एस.एम.वाल्यांचा, म्हणजे समाजवैद्यकाच्या डॉक्टरांचा, पेशंट अख्खं गाव असतं, हे तिला मी सांगून थकलो.

नमुन्याचं गणितही मी पेन घेऊन करून पाहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. ती टक्केवारी धरून तू 'चार पी क्यू भागिले एल वर्ग' केलंस : ४ गुणिले ५४ गुणिले ४६, भागिले २५. आलं ३९७, तू घेतलेस ४००. बरोबर आहे. फक्त गावं निवडून त्यातून बायका घेणार असशील तर आकडा वाढवावा लागेल. एका आडाचं पाणी पिणाऱ्या आणि एकाच बाजाराची भाजी खाणाऱ्या बायका एकमेकींसारख्या असतात. दहा गावांतल्या चारशे जणी म्हणजे चारशे सुटी माणसं नव्हेत. हे तुझे गाईड सांगतीलच.

माझं पेन थांबलं ते पुढच्या ओळीवर. 'माहिती संकलनाचा कालावधी : डिसेंबर ते फेब्रुवारी. क्षेत्र : कंधार आणि मुखेड तालुक्यांतील निवडक गावे.'

अगं, डिसेंबरात त्या गावांत असतं कोण? बालाघाटाच्या त्या कोरडवाहू पट्ट्यातली माणसं दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उन्हाळ्यात परत. मधले महिने घराला कुलूप, नाहीतर दारात म्हातारी आणि दोन नातवंडं. तुझ्या अभ्यासात जिचं रक्त सगळ्यांत आधी बघायला हवं, ती बाई नेमकी त्याच तीन महिन्यांत गावात नसते.

आता हिशेब बघ. यादीतल्या चारशेपैकी शंभर जणी ऊसतोडीला गेल्या असं समज. उरलेल्या तीनशेत दीडशे जणींना रक्तक्षय निघाला. तू लिहिशील, ५० टक्के. गेलेल्या शंभरांत सत्तर निघाल्या असत्या तर खरा आकडा २२० भागिले ४००, म्हणजे ५५. तुझी सुई बरोबर होती, यंत्र बरोबर होतं, बेरीजही बरोबर होती, तरी उत्तर चुकलं. त्यात लोक काय करतात, माहीत आहे? कुलूप दिसलं की शेजारचं घर घेतात. फॉर्म चारशे भरतात, मास्टर चार्ट गच्च दिसतो, आणि कोण सुटलं याचा मागमूससुद्धा राहत नाही.

हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. हे पाप मी स्वतः केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षात मलेरियाची पंधरवडी फेरी माझ्याकडं होती. प्रत्येक घरी जायचं, 'ताप कुणाला?' विचारायचं, असेल तर काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकायची. एका फेरीत एका वस्तीवर तेरा घरांना कुलूप होतं. उन्हाची वेळ, सायकल पंक्चर. मी तेराही भिंतींवर तारीख टाकली आणि वहीत 'ताप नाही' लिहिलं. पुढच्या फेऱ्यांतही तेच. ती माणसं वीटभट्टीवरून परतली तेव्हा त्यांच्यातली दोन पोरं थंडीतापानं कुडकुडत होती, आणि माझ्या वहीत ती वस्ती निरोगी होती. साहेबांनी मला काही विचारलं नाही, कारण वही पूर्ण होती. पोरं वाचली. पण भिंतीवरच्या त्या तारखा पाऊस पडून पुसल्या जाईपर्यंत मी त्या गल्लीतून मान वर करून गेलो नाही.

नंतर हत्तीरोगाच्या कामात शहाणपण आलं. तो जंतू दिवसा रक्तात सापडत नाही, रात्री वर येतो. म्हणून आम्ही रात्री आठ ते बाराच्या दरम्यान कंदील नाहीतर बॅटरी घेऊन लोकांना उठवायचो. शिव्या खायचो, कुत्री मागं लागायची. दिवसा गेलो असतो तर सोय आमची झाली असती आणि गावात हत्तीरोग नाही असा अहवाल गेला असता. जंतूची वेळ पाळायची हे आमच्या खात्याला कळतं. बाईची वेळ पाळायची, हे मात्र अजून कुणाच्या प्रोफॉर्म्यात दिसत नाही.

किल्लारीच्या भूकंपाचंही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून लोक झोपलेले. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. मृतांचा आकडा आजही एका कागदावर आठ हजारांच्या आसपास आहे, दुसऱ्यावर दहा हजारांच्या. याद्या करायला मीही होतो. मेलेल्याचं नाव सांगायला घरातलं कुणीतरी जिवंत लागतं. जिथं कुणीच उरलं नव्हतं, तिथं शेजारी आठवून सांगायचा, 'एक सून बाळंतपणाला माहेरी आलेली होती बहुतेक.' आणि एरवी आजार गरिबाचं दार आधी ठोठावतो, पण त्या रात्री उलटं झालं. जाड दगडी भिंती आणि वर मातीचा थर असलेली माळवदं बसली, कुडाच्या झोपडीतली माणसं त्यामानानं वाचली. मेलेले मोजून भागलं नसतं. कोण कुठं झोपलं होतं आणि कोण वाचलं, हेही विचारावं लागलं, तेव्हा भिंत दोषी ठरली.

तुमच्या पुस्तकात गडचिरोलीचा दाखला असेल. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याआधी सगळं शहाणपण दवाखान्यात येणाऱ्या बायकांवरून होतं. जी आलीच नाही, तिच्या घरी जाणं एवढाच त्यातला मोठा शोध होता.

आता गाईडपुढं जाशील तेव्हा काय बोलायचं ते सांगतो. पहिलं, नावांची यादी दारात उभी राहून करू नकोस. अंगणवाडीची वही आणि आशाताईचं रजिस्टर घे. त्यात ऊसतोडीला गेलेलीचंही नाव असतं. दुसरं, कालावधी बदल. तुला वाटेल, दोन फेऱ्या करू, एक दिवाळीआधी आणि एक उन्हाळ्यात. गाईड विचारतील, सहा महिन्यांत रक्त बदललं तर बेरीज कशी करशील? प्रश्न रास्त आहे. त्यापेक्षा एकच फेरी कर, अक्षय तृतीयेनंतर पेरणीआधीची, ऊसतोडीच्या टोळ्या गावात असतात तेव्हाची. ऊन असतं, पण सकाळी सातला किंवा दिवेलागणीला जायचं. एथिक्स कमिटीकडं आत्ताच बदल घातलास तर वेळ पुरतो. तिसरं, कुलूप दिसलं की तीन खेपा, त्यातली एक संध्याकाळची. तरीही कुलूपच असेल तर शेजारचं घर घेऊ नकोस. थिसिसमध्ये रकाना कर : इतकी घरं बंद, इतक्या जणी नाही म्हणाल्या, कुठं गेल्या. परीक्षक खोडी काढेल ही भीती ठेवू नकोस. खोडी काढायला जागा दिसते, ती अभ्यासाची इमानदारी असते.

गाईड सुरुवातीला नाराज होतील, कारण तुझं काम काही महिने पुढं जाईल. त्यांना माझं नाव सांगू नकोस, हिशेब दाखव. चांगला गाईड २२० भागिले ४०० लगेच ओळखतो.

शेवटचं काम नाशिकच्या विद्यापीठाच्या कुठल्याही नियमात सापडणार नाही, तरी ते कर. जिचं रक्त कमी निघेल तिला त्याच दिवशी तिचा आकडा सांग, आणि आशाताईला सांगून लोहाच्या गोळ्या तिच्या हातात पडल्या का ते पुढच्या आठवड्यात बघ. ती दिवाळीनंतर पुन्हा कोयता घेऊन जाणार आहे. त्याआधी तिच्याकडं पाच-सहा महिने असतात, आणि रक्त भरून यायला तेवढे पुरतात.

तुझा,
मामा