गाविलगड : दुसऱ्यांसाठी राखलेला डोंगर

मराठी वाङ्मयात ‘किल्ला’ म्हटले की सह्याद्री उभा राहतो. वऱ्हाडातल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतही रायगड येतो. परतवाड्याहून घाट चढला की लागणारा गाविलगड येत नाही. चिखलदऱ्याच्या सहलीत तो त्यांनी पाहिलेला असतो, पण एक ‘पॉइंट’ म्हणून. हा किल्ला कुणालाच आपला का वाटत नाही, याचे उत्तर मला त्याच्या चरित्रात सापडते.

नाव गवळ्यांचे. मूळची गढी त्यांची, असे परंपरा सांगते. दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशहाचा, १४२५-२६च्या सुमाराचा. १४८८मध्ये फत्तेउल्ला इमादउल्मुल्काने तो बळकट केला आणि पुढे अचलपूरला स्वतःची इमादशाही उभारली. दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मण. लहानपणी लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला. त्या दोन डोक्यांच्या पक्ष्यासमोर मी दर खेपेस जरा जास्तच रेंगाळतो. हे शिल्प केवळ शोभेचे मानायला मन तयार होत नाही.

पुढे निजामशाही, मोगल, नागपूरकर भोसले. अकबराच्या दप्तरात गाविल हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार, म्हणजे किल्ल्याचा महसुली घटक झाला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो जिंकला. भोसल्यांचा रजपूत किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. त्या लढाईवर बर्नार्ड कॉर्नवेलने अख्खी इंग्रजी कादंबरी रचली आहे, अर्थात इंग्रज सैन्यातल्या शिपायाच्या नजरेने. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्यात वऱ्हाड गेले, पण गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे राहिले. इतके रक्त सांडून जिंकलेला किल्ला परत देण्याइतका स्वस्त होता! १८२२मध्ये तो निजामाकडे गेला, १८५३मध्ये वऱ्हाडाबरोबर इंग्रजी कारभाराखाली आला; आणि १८५८मध्ये, तात्या टोपे तिथे आश्रय घेतील या भीतीने, इंग्रजांनीच त्याची तटबंदी पाडली.

१९७४पासून भोवतालच्या रानात व्याघ्रप्रकल्प आहे. पूर्वी दरवाजावर पहारेकरी असे, आता जंगलाच्या वाटेवर वनखात्याचे नाके आहेत. मेळघाटात गवळ्यांच्या वस्त्या अजून आहेत. मात्र राखीव गाभ्यात गुरे चारायला बंदी आहे.